गोड्या पाण्यावरचा अँटेना: गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमधल्या प्रकल्प नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, पवनी

फेब्रुवारीत मालवणच्या किनाऱ्याने समुद्री कयाक घेऊन निघायचं आणि वाटेत पाण्यावरूनच एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर) बोलायचं, असं कोकणातल्या मित्राशी ठरलं आहे. तोही माझ्यासारखाच हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. तो समुद्रावर तयारी करणार, मी वैनगंगेवर. समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची तयारी कशाला, असं घरी विचारतात. तयारी पाण्यावरच होते आणि पाणी आमच्याकडे भरपूर आहे. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं, धरणाला ३३ दरवाजे आहेत. भिंतीमागे पसरलेलं पाणी इतकं मोठं आहे की वाऱ्याच्या दिवशी मधोमध चांगल्या लाटा उठतात. पावसाळ्यात दरवाजे उघडे असताना मात्र या पाण्यात उतरायचं नाही, हा माझा नियम. पाटबंधारे विभागाची परवानगी हातात आली आहे. दरवाजांच्या बाजूला फिरकायचं नाही, ही त्यांची अट आणि माझीही.

सामान असं: कयाक पॉलीइथिलीनची, ५ मीटर लांब, पुढे-मागे बंद कप्पे. रेडिओ यूबिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला. ४० मीटर बँडवर (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींवर) १० वॅट देतो आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करता येतो, म्हणून तोच. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तास. ऐकताना पाव अँपिअरच्या आत भागतं, बोलताना दोनच्या आसपास जातं. वल्हवून थकलेला माणूस जेवढं बोलेल तेवढ्याला ही बॅटरी पुरून उरते.

६ ऑक्टोबर

आज रेडिओ बाहेर काढलाच नाही, पाणी मोजलं.

समुद्रावर कयाकमधून बोलणाऱ्यांची रीत सोपी आहे. मागे उभी दांडी, तिच्यावर पाव तरंगलांबीची तार आणि तारेच्या बुडाला जोडलेली तांब्याची पट्टी पाण्यात सोडलेली. झाली अर्थिंगची जोडणी. उभ्या अँटेनाला दुसरा अर्धा भाग लागतो आणि तो समुद्र फुकट देतो. हीच रीत आपल्याकडे चालेल का, याचा अंदाज रेडिओ न लावता बांधता येतो.

आरओच्या फिल्टरचं काम करणाऱ्या पोराकडून टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) मागून आणला. पवनीच्या घाटाजवळ आकडा आला १७० पीपीएम. ढोबळ हिशेबाने दुप्पट केलं की सेंटीमीटरला ३४० मायक्रोसिमेन्स, म्हणजे मीटरला ०.०३४ सिमेन्स. समुद्राचं पाणी मीटरला ५ सिमेन्सच्या जवळ असतं. फरक जवळपास दीडशे पटीचा. समुद्रात १४ मेगाहर्ट्झची, म्हणजे २० मीटर बँडची, लहर सहाएक सेंटीमीटर खाली शिरते तोवरच तिचा जोर ओसरतो, म्हणजे पृष्ठभाग धातूच्या पत्र्यासारखा वागतो. आमच्या पाण्यात तीच लहर मीटरभराहून खोल जाते आणि जाता जाता पाणी गरम करण्यात वाया जाते.

वर आंभोऱ्याच्या अंगाला मीटर जास्त दाखवतो. तिथे कन्हान येऊन मिळते आणि कन्हानेतून नाग नदीचं, म्हणजे नागपूरचं सांडपाणी येतं. क्षार वाढले की वाहकता वाढते, पण रेडिओला त्याचा उपयोग होण्याइतकी नाही. त्या पाण्यावर जलपर्णी माजते, मासा मरतो आणि डोंगा ढकलणाऱ्यांचे हात खाजतात. ती वाहकता मला नको आहे.

११ ऑक्टोबर

काल रात्रीपासून मोठं भूचुंबकीय वादळ, पाचपैकी चौथ्या (जी-४) पातळीचं. सकाळी गच्चीवर ४० मीटर लावून पाहिला, एरवी गजबजलेला बँड ओसाड होता. चाचणीचे कुठलेही आकडे या दोन-तीन दिवसांत घ्यायचे नाहीत. दसरा उद्या आहे, घरचीच कामं करू.

२० ऑक्टोबर, गावचा मामा तलाव

मंगळवारी नासा आणि नोआ यांनी जाहीर केलं की सौरचक्र २५ कमाल टप्प्यात पोचलं आहे. सूर्य सक्रिय असला की कमी ताकदीचा सिग्नलही लांब पोचतो. १० वॅटवाल्यांसाठी याहून चांगला हिवाळा पुढची कित्येक वर्षं मिळणार नाही, म्हणून घाई.

आजचं काम दांडीचं. फायबरची घडीची दांडी, उघडली की ५ मीटर. कयाकची रुंदी ५८ सेंटीमीटर. एवढ्या अरुंद होडीवर एवढी उंच काठी उभी करायची तर आधी उलटून बघायला हवं आणि त्याला माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलावासारखी जागा नाही. पाणी छातीभर, खाली चिखल, काठाला धानाच्या बांध्या. बांधावर धान कापणीला आलेलं, त्यामुळे बघायला माणसंही होती.

दांडी उभी ठेवून रोल मारता, म्हणजे उलटलेली कयाक बसल्या जागी सरळ करता, येत नाही. दांडी पाण्यात आडवी पडते आणि होडीला उलटं धरून ठेवते. म्हणून दांडीचा तळ असा केला की एका हाताने दोरी ओढली की ती सुटून वाहत जाईल. दीड इंची पीव्हीसी पाइप मागच्या डेकवर, त्यात दांडी, आणि दांडीला धरून ठेवणारी सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टीची गाठ माझ्या उजव्या हाताशी. केबलचा कनेक्टरही ओढला की निघणारा लावला, नाहीतर दांडी सुटूनही केबल पायात अडकेल. सुटलेली दांडी तरंगते, नंतर उचलता येते.

बोलताना स्थिर राहायला बुरडाकडून दोन हलके बांबू घेतले आणि टोकांना पाच लिटरच्या रिकाम्या तेलाच्या कॅन बांधल्या. मागे आडवे टाकले की दोन्ही हात वल्ह्यावरून काढून मायक्रोफोन धरता येतो. वल्हवताना ते डेकवर लांबट बांधलेले राहतात.

३ नोव्हेंबर, बॅकवॉटर

दिवाळी आटोपली. पहाटे धुकं, आठपर्यंत निवळलं. उभ्या तारेची चाचणी, २० मीटर बँड, नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) झिपच्या पिशवीत घालून मांडीवर.

आधी फक्त तांब्याची पट्टी पाण्यात. रेझोनन्सवर, म्हणजे तार जुळते त्या फ्रिक्वेन्सीवर, रोध ८६ ओहम. पाव तरंगलांबीच्या तारेचा स्वतःचा उत्सर्जन रोध ३६ च्या आसपास, म्हणजे उरलेले ५० ओहम पाण्यातला तोटा. १० वॅट दिले तर जवळजवळ सहा वॅट पाण्यात. पट्टी लांब केली, दोन केल्या, खोल सोडल्या. आकडा थोडा हलला, फार नाही. एसडब्ल्यूआरचा (रेडिओशी अँटेना किती जुळला त्याचा) लहान आकडा बघून खूश होणारे पुष्कळ असतात. इथे एसडब्ल्यूआर १.७ होतं, म्हणजे वाईट नाही, आणि तरी निम्म्याहून जास्त ताकद बुडाली. एसडब्ल्यूआर फक्त रेडिओचं समाधान सांगतं, हवेत किती गेलं ते सांगत नाही.

मग पट्टी काढून टाकली आणि डेकवरून तार नेली. इथे एक सुंदर योग जुळून येतो. १४.२ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५ मीटर आणि माझी कयाकही ५ मीटर. दांडी शेपटाकडे, रेडियल तार (उभ्या तारेचा दुसरा अर्धा भाग) शेपटापासून नाकापर्यंत डेकच्या कडेने चिकटपट्टीने बसवलेली. होडी प्लास्टिकची, त्यामुळे तार पाण्यापासून वीतभर वर आणि निराळी राहते. पाणी इतकं जवळ असल्याने तार लांब पडली, कापत कापत ४.७ मीटरवर जुळली. आता रोध ५२ ओहम. तोटा ५० वरून १६ वर आला. तेच १० वॅट, तीच दांडी, आणि हवेत जाणारा भाग चारवरून सातवर.

कोअॅक्सवर फेराइटचा चोक (केबलच्या बाहेरून येणारा प्रवाह अडवणारं कडं) घातला, नाहीतर केबलच रेडियलचं काम करू लागते आणि मायक्रोफोन ओठाला लागला की चटका देतो.

दुपारी रशियातलं एक स्टेशन मिळालं. ऐकू येत होतं त्याहून त्यांनी मला कमी रिपोर्ट दिला, ते साहजिक आहे.

१७ नोव्हेंबर, बॅकवॉटर

आजची नोंद लांबणार.

मालवण इथून सरळ रेषेत सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. २० मीटरवर उभ्या तारेने तिकडे बोलायला गेलं की लहर डोक्यावरून पार होते. उभा अँटेना जमिनीलगतच्या कोनात फेकतो, ती लहर हजारो किलोमीटर लांब उतरते. या अंतराला ४० मीटर बँड हवा आणि तीसेक अंशांच्या कोनात वर जाणारा सिग्नल. त्यासाठी तार आडवी पाहिजे आणि २० मीटर लांब. कयाकवर ती मावत नाही.

पण बॅकवॉटरमध्ये झाडं उभी आहेत. धरण भरल्यावर बुडालेली, वाळलेली, पांढरी पडलेली. मासेमारीचे डोंगे त्यांच्यातूनच वाट काढतात. दोन झाडांवर तार टाकायची आणि तिसरं टोक कयाकवर, असा बेत.

बरोबर डोंग्यावाले काका होते. पहिल्या झाडाला मी दोरी टाकायला गेलो तेव्हा त्यांनी बांबूने बुंधा ठोकला. आवाज पोकळ आला. "बुड सडलं हाय, याले बांधू नोका जी." दुसऱ्याला ठोकलं, तिसऱ्याला ठोकलं. चौथं भरीव लागलं. बांबू बाजूला ठेवून ते म्हणाले, "हे चिचेचं. आमच्याच आंगनातलं." त्यांच्या घराचं जोतं आता किती हात पाण्याखाली आहे, तेही त्यांनी बांबू खाली सोडून दाखवलं. बांधू का, असं विचारलं. "बांधा नं. कामाले तर येऊ द्या."

दोरी वर टाकायला त्यांनी जाळ्याचं शिसं दिलं. ते नायलॉनच्या दोरीला बांधून फेकलं की फांदीवरून पलीकडे जाऊन आपल्या वजनाने खाली येतं. बाजारात मिळणारी फेकायची पिशवी याच्यापुढे काही नाही. चिंचेवर तार पाण्यापासून सहा मीटर उंच, तिथून पुढच्या झाडाकडे आडवी, शेवटी दोन मीटर नायलॉन. तार थेट ओल्या लाकडाला लागली तर जुळवणी सरकते. अलीकडचं टोक कयाकच्या मागच्या कप्प्यावर, तिथे रोध जुळवणारा ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढे. टोकाकडून दिलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेला जमिनीची गरज जवळजवळ नसते, म्हणून आमच्या पाण्यावर हीच योग्य. मात्र टोकाला रोध अडीच हजार ओहमच्या घरात, तेव्हा १० वॅटलाही दीडशे व्होल्ट उभे राहतात. ओल्या बोटाने धरलं तर बारीक पांढरा डाग पडतो आणि दिवसभर चुणचुणतो. ट्रान्सफॉर्मरवर झाकण म्हणून प्लास्टिकचा डबा उलटा बसवला. काकांना डोंगा त्या बाजूला आणू नका म्हणून सांगितलं.

नऊच्या सुमारास मित्र आला. तोही पाण्यावर, किनाऱ्याजवळ नांगर टाकून. पहिल्या हाकेला उत्तर. "आवाज बरो येता रे!" सिग्नलचा रिपोर्ट मी त्याला ५७ दिला, त्याने मला ५५ (पहिला आकडा स्पष्टतेचा, दुसरा जोराचा). दर मिनिटा-दोन मिनिटांनी आवाज खाली बुडायचा आणि परत वर यायचा. त्याच्याकडे वारा नव्हता, माझ्याकडे सुटत होता. तासाभराने उन्हाने वातावरणाच्या वरच्या भागातला, लहर शोषणारा डी थर जोर धरू लागला आणि दोघंही गोंगाटात गेलो. उन्हाच्या वेळी ४० मीटरवर असं होणारच, म्हणून प्रवासातल्या वेळा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ठरवल्या.

काका सगळं ऐकत होते. "का म्हणून राह्यला जी तो?" मी सांगितलं, तिकडे समुद्र शांत आहे. मग त्यांनी विचारलं, तिकडे सुकट काय भावाने आहे. हॅम बँडवर भावताव आणि तिसऱ्या माणसाचे निरोप चालत नाहीत, हा नियम त्यांना समजावला. त्यांना तो पटला. संध्याकाळी फोनवरून विचारून सांगितलं.

८ डिसेंबर

हातातल्या सेटची चाचणी, २ मीटर बँड. पाण्यावर बसलेल्या माणसाचा अँटेना फार तर एक मीटर उंच. रेडिओचं क्षितिज काढायचं सूत्र: उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. एका कयाकचं क्षितिज चार किलोमीटर, दोन कयाकांमध्ये फार तर आठ. पण एक जण २० मीटर उंच टेकाडावर उभा राहिला तर अंतर बावीसवर जातं. भाचा टेकाडावर, मी पाण्यावर, आणि दुसऱ्या काठापर्यंत आवाज स्वच्छ आला. सेट लाइफ जॅकेटच्या खांद्यावर, अँटेना उभा. सेट पोटाशी लावला की ओलं अंग सिग्नल खातं, फरक लगेच कळतो.

या भागात हे काम प्रवासापुरतं नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुरात भंडारा शहरात पाणी शिरलं, ते आठवत असलेल्या कुणालाही नदीकाठच्या दोन गावांना जोडणाऱ्या हातातल्या सेटचं मोल सांगावं लागत नाही. भाच्याला परवान्याच्या परीक्षेला बसवतो आहे.

२६ डिसेंबर

आज त्सुनामीला २० वर्षं. त्या दिवशी भारती प्रसाद आणि हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओची तुकडी अंदमानात होती, हौसेच्या मोहिमेवर. लाट आली आणि त्याच रेडिओवरून मुख्य भूमीपर्यंत निरोप जाऊ लागले. आमच्या प्रवासाची सुरक्षिततेची पानं मी मुद्दाम आज लिहायला बसलो.

समुद्रावर हॅम रेडिओ हा पहिला आधार नाही. पहिला आधार मरीन व्हीएचएफ, चॅनेल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ. आसपासची जहाजं आणि तटरक्षक दल तिथे ऐकतात, ४० मीटरवर नाही. हॅमचा परवाना त्या चॅनेलला लागू होत नाही, त्याचा सेट आणि कागद वेगळे. मित्राच्या ओळखीच्या नौकेवाल्यांकडून ती व्यवस्था होते आहे. मोबाइलची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४. परदेशातले कयाकवाले उपग्रहाचा मेसेंजर खिशात ठेवतात. आपल्याकडे परवानगीशिवाय तशी यंत्रं किंवा सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा तो विचारच नको.

एचएफचं काम दुसरं: ठरलेल्या वेळी किनाऱ्यावरच्या आणि घरच्या हॅमला ठावठिकाणा सांगणं. सलग दोन वेळा चुकल्या तर त्यांनी १५५४ फिरवायचा. हे कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या.

१२ जानेवारी २०२५

आज ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचे आकडे हाती आले.

डब्ल्यूएसपीआर ही पद्धत जो टेलर यांनी २००८ साली आणली, ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेच टेलर. दोन मिनिटांच्या खिडकीत अगदी क्षीण सिग्नल पाठवायचा, जगभरची स्टेशनं तो ऐकून सिग्नल किती डेसिबल आला ते नोंदवतात. मी बॅकवॉटरवर आणि मित्र मालवणजवळ समुद्रावर, दोघांचा ट्रान्समीटर सारखाच, २०० मिलिवॅट, १४.०९५६ मेगाहर्ट्झ, दांडी सारखी. माझ्याकडे डेकवरची रेडियल, त्याच्याकडे समुद्रात सोडलेली तांब्याची पट्टी. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत आलटून पालटून.

ज्या स्टेशनांनी दोघांना ऐकलं त्यांचे आकडे शेजारी मांडले. दोन हजार किलोमीटरच्या आतल्या स्टेशनांत तो माझ्यापेक्षा दोन-तीन डेसिबल वर. युरोपातल्या स्टेशनांत तो आठ ते दहा डेसिबल वर आणि तिथल्या बऱ्याच जणांनी फक्त त्यालाच ऐकलं. दोन जागांमध्ये आठशेहून जास्त किलोमीटर आहेत आणि त्याच्यापुढे वायव्येला उघडा समुद्र आहे, त्यामुळे सगळा फरक पाण्याचा म्हणता येणार नाही. पण जवळच्या स्टेशनांत फरक कमी आणि लांबच्यांत जास्त, ही खूण खाऱ्या पाण्याचीच. क्षितिजालगतच्या कोनात जाणारी लहर समुद्र उचलून देतो, गोडं पाणी गिळतं. दहा डेसिबल म्हणजे दहापट ताकद. माझ्या १० वॅटला तिथे १०० चं वजन येतं.

यावरून मालवणचं सामान ठरलं. २० मीटरसाठी दांडी आणि तांब्याची पट्टी. डेकवरची रेडियल काढायची नाही, ती आहे तिथेच राहील, कारण खाडीत शिरल्यावर भरती-ओहोटीनुसार पाणी कधी खारं कधी मचूळ असतं आणि तिथे पट्टीवर भरवसा नाही. ४० मीटरची तार आणि जाळ्याचं शिसं मुक्कामासाठी, किनाऱ्यावर माड आहेतच. तिकडे पाण्यावरून बोलताना मित्र कॉलसाइनमागे (स्टेशनच्या ओळखीच्या अक्षरांमागे) मेरिटाइम मोबाइल, म्हणजे समुद्रावरून बोलतो आहे अशी खूण, लावतो, मीही लावेन. इथे धरणात ते लागू नव्हतं.

राहिलेली कामं: कनेक्टरवर सिलिकॉनची पट्टी गुंडाळणं, कारण मीठ एका रात्रीत पितळ हिरवं करतं. रोज संध्याकाळी सगळं गोड्या पाण्याने धुवायला दोन लिटरची वेगळी बाटली. दांडीच्या तळाची ट्यूब उन्हाने चिरली आहे, नवी घालायची. आणि कयाक नागपूरपर्यंत न्यायला धानाच्या गाडीवाल्याशी बोलणं झालं आहे, पोती उतरवून तो रिकामा परतणार त्या दिवसाची वाट बघतो आहे.